मधे मऊ

गाय कशी उठते हे ज्याला ठाऊक नाही त्यानं चहात दूध मागू नये, असं कालिचा बायबिचेचं, म्हणजे घरच्या थोरल्या बाईचं, म्हणणं होतं. गाय आधी मागून उठते. ढुंगण वर, पुढचे गुडघे अजून जमिनीवर, क्षणभर तशीच विचार करत थांबते, आणि मग पुढचे पाय. घोड्याचं उलट. तो आधी पुढचे पाय रोवतो आणि मागचं धूड ओढून घेतो. देवानं दोघांना वेगवेगळं शिकवलं, आणि आत-बाशीच्या खोऱ्यात आजवर कुठल्या गायीनं घोड्याची नक्कल केली नव्हती.

त्या सकाळी तार्गिल घोड्यासारखी उठली.

कालिचा गोठ्याच्या दारात उभी होती. बाहेर थंडीनं कुत्र्याच्या मिशांवर बर्फ धरला होता. आत तिची ती पट्ट्यापट्ट्यांची गाय ढुंगणावर बसून पुढचे पाय झाडत होती आणि मागचे पाय सरकत होते. एकदा सरकले, पुन्हा सरकले. मग कण्हत, भिंतीला बरगड्या घासत ती कशीबशी उभी राहिली आणि थरथरायला लागली. सून बेगिमाय बादली घेऊन शेजारीच होती. ती नुसतं "उठ गं बाई, उठ," म्हणाली आणि स्टूल सरकवून धारेला बसली.

कालिचाच्या मनात पाल चुकचुकली. ह्या पोरीला नवल कसं वाटलं नाही? नवल वाटलं नाही म्हणजे हे हिनं आधी पाहिलंय. पाहिलंय, तर बोलली का नाही?

"कधीपासून?" तिनं विचारलं.

"काय कधीपासून, अपा?"

"मी अजून आंधळी झाले नाही. कधीपासून ही अशी उठते?"

बेगिमायनं सडावरची नजर काढली नाही. "झाले थोडे दिवस."

"आणि सासूला सांगायचं नव्हतं."

"तुम्ही रागावला असता."

"मग आता काय मी गाणं म्हणतेय?"

धार संपली तेव्हा बादलीचा तळ जेमतेम झाकला होता. कालिचानं बादलीत डोकावलं, सुनेच्या तोंडाकडे पाहिलं, मग सुनेच्या शालीआड काही दुसरं भांडं आहे का तेही पाहून घेतलं. नव्हतं. नसलं म्हणून काय झालं, भांडं गवताखालीही ठेवता येतं.

ह्यात दूध म्हणजे नुसतं दूध नव्हतं. हिवाळ्यात गावातल्या सगळ्या गायी आटतात आणि घरोघरी चहा काळा होतो. कालिचाच्या घरचा कधी झाला नव्हता. तार्गिल पानगळीला व्यायची आणि ऐन बर्फात दूध द्यायची. कुणाकडे मयत असो की सोयरीक, मंडळी शेवटी उठून कालिचाकडे यायची, कारण तिथे पांढरा चहा मिळायचा. विधवा बाई, मुलगा परदेशात, तरी गावात तिचा शब्द चालायचा तो ह्या चहाच्या जोरावर. निदान तिला तरी तसं वाटायचं, आणि तिला वाटायचं ते सहसा खरं असायचं.

त्या दिवशी दुपारी कादिराली आला आणि वाटीत बघून म्हणाला, "जेंगे, चहात शाई घातलीत की काय?"

कादिराली तिचा दीर, ती त्याची जेंगे, वहिनी. पण ह्या नावानं तिनं त्याला कधी हाक मारलेली नव्हती. सासरच्या पुरुषांची नावं सुनांच्या तोंडी येत नाहीत. ती लग्न होऊन आली तेव्हा तो शेंबडा पोर होता, तिनं त्याला 'धाकटे मिर्झा' असं नाव दिलं. आता त्याच्या मिशा पांढऱ्या झाल्या, पोट पट्ट्यावरून खाली आलं, तरी तो धाकटे मिर्झाच. दिराचं एक वेळ सोपं. खरी पंचाईत सासऱ्याची. सासऱ्याच्या आधीची भावंडं पाळण्यातच गेली होती, म्हणून त्याला नजर लागू नये असं नाव ठेवलं: तेझेकबाय. तेझेक म्हणजे शेण. शेणोबाच म्हणा ना. नजर काही लागली नाही, माणूस चांगला नव्वदीपर्यंत जगला, पण घरातल्या बायकांच्या तोंडचं शेण गेलं ते गेलंच. गोठ्यात शेण, अंगणात शेण, चुलीत शेण, आणि बाईनं शेण म्हणायचं नाही. कालिचाच्या सासूनं मग तोडगा काढला. ती म्हणायची 'मऊ'. मऊ काढलं का? मऊच्या विटा आत आण. चुलीत मऊ घाल, विझत आलीय. सासू गेली, सासरा गेला, नवराही गेला, शब्द राहिला. बेगिमाय आली तीही पहिल्याच आठवड्यात मऊ म्हणायला शिकली. घरात कुणाला त्याचं हसू येत नसे. सवयीचा शब्द, ओठांना कळतही नसे की तो दुसऱ्याच्या जागी बसलाय.

"शाई नाही, धाकटे मिर्झा," कालिचा म्हणाली. "तार्गिलला काहीतरी केलंय कुणीतरी."

"कुणी?"

तिनं चुलीत वीट सरकवणाऱ्या सुनेच्या पाठीकडे नुसतं पाहिलं. कादिरालीनंही पाहिलं आणि खाकरला.

मग तो गोठ्यात गेला, गाय उठवली, तिचं ते घोड्यासारखं उठणं पाहिलं आणि दाराशी येऊन हात धुतले. "कापून टाकू," तो म्हणाला. "हिवाळ्याचं मांस तुम्हालाही लागेल, आम्हालाही. अर्धं अर्धं. हाडांत उतरलंय काहीतरी, नुसतं चारा खाईल आणि मार्चात मरेल. आणि दुसरं म्हणजे..."

"दुसरं काय?"

"घोड्यासारखी उठणारी गाय घरातला पुरुष घेऊन जाते. म्हातारे सांगायचे."

"कुठले म्हातारे?"

"आमचे."

"तुमच्या म्हाताऱ्यांना मी जन्मभर जेवू घातलं. एकानं हे कधी सांगितलं नाही. तुमच्या पोटानं सांगितलं असेल."

कादिराली हसला, पण कालिचा हसली नाही. कारण घरातला पुरुष म्हणजे रिस्बेक, तिचा एकुलता एक, आणि रिस्बेक रशियात उंच उंच इमारतींच्या परांचीवर उभा राहून विटा रचत होता. दीर मांसासाठी बोलतोय हे तिला दिसत होतं. हिवाळ्यासाठी कापायला ठेवलेला त्याचा स्वतःचा घोडा ह्या वर्षी बरगड्या दाखवत होता, त्याच्या अंगावर खाण्यासारखं काही नव्हतं. हे सगळं दिसत असून ती भीती आत शिरली ती शिरलीच.

"परवा," ती म्हणाली. "शुक्रवारच्या नमाजानंतर या."

दीर गेल्यावर ती बराच वेळ काळ्या चहाकडे बघत बसली. गाय परवा कापायची तर कापायची. पण गाय कापली की पुरावा पोटात जाईल, आणि जिनं हे केलं ती ह्याच चुलीपुढे बसून सूप पीत राहील. त्याआधी सापडायला हवी.

आता तो गोठ्यातला सिमेंटचा कोबा. कोब्याचं सांगितल्याशिवाय बेगिमायवरच्या संशयाचं मूळ कळणार नाही.

जुना गोठा मातीचा होता आणि मातीवर थर. वर्षानुवर्षं पेंढा आणि शेण गायीच्या पायांखाली दाबून दाबून झालेला, हाताएवढा जाड, खालून ऊब देणारा. कडेला मात्र चिखल व्हायचा, मूत साचायचं. रिस्बेकनं फोनवर पाहिलं आणि त्याला वाईट वाटलं. "अपा, मी इथे परक्यांच्या मोटारींना सिमेंटची जमीन करून देतो आणि माझ्या आईच्या गायी चिखलात?" त्यानं पैसे पाठवले. उन्हाळ्यात कालिचा गुरं घेऊन वरच्या कुरणावर निघाली, त्याच्या आदल्या दिवशी कुबात नावाचा मिस्त्री कोचकोरहून आला. कालिचानं त्याला गोठ्यात उभं करून कुठे काय करायचं ते नीट बजावलं. बेगिमाय बटाट्यांसाठी खाली गावातच राहिली.

पानगळीला कालिचा खाली उतरली तेव्हा गोठ्यात पाऊल टाकायच्या आधीच शेजारीण उमसुनाय दारात होती, आणि तिनं चक्क जोडे काढले होते. "अगं कालिचा, ही जमीन की आरसा! इथे दस्तरखान अंथरून जेवावं." मागून आणखी दोघी आल्या. त्यांनीही जोडे काढले.

कालिचानं पाहिलं. कडेचा खडबडीत पट्टा सोडला तर मधला सगळा भाग चकचकीत. तिनं सांगितलं होतं ते हे नव्हतं. तिचं तोंड उघडलंही होतं. पण तीन बायका अनवाणी उभ्या राहून तोंडात बोटं घालत होत्या, आणि फोनमधून रिस्बेक विचारत होता, "आवडलं ना, अपा?" तिनं तोंड मिटलं आणि म्हणाली, "माझ्या मुलानं केलंय, आवडणार नाही तर काय!"

मग रात्री अंथरुणावर तिनं विचार केला. मिस्त्रीला दुसरंच सांगणारं कोण होतं इथे? खोरं घेऊन मऊ कोण उचलतं? आता एक बादली पाणी ओतलं की काम झालं. कुणाच्या पाठीला सुख? तेव्हापासून तिनं रोज सकाळी कोबा गरम पाण्यानं सुनेला धुवायला लावला. दोनदा. सुख हवं होतं ना? घे सुख.

दुसऱ्या दिवशी दुपारी कालिचा चुलीजवळ भिंतीकडे तोंड करून झोपली. म्हणजे डोळे मिटून घोरली. मागे पावलं वाजली, पेटीचं झाकण कुरकुरलं, दार उघडून बंद झालं. ती उठली. पेटीवरचा नमदा नव्हता! तिच्या आईनं लोकर कुटून केलेला तो जाड गालिचा, लाल शिंगांच्या नक्षीचा, लग्नात आलेला.

चोर, ती मनात म्हणाली, आणि तिला एक प्रकारचं समाधानही वाटलं. आता माहेरी धाडायला कारण मिळालं. रबरी जोडे पायात अडकवून ती बर्फातून गोठ्याकडे निघाली, पाऊल वाजू न देता.

बेगिमायनं नमदा तार्गिलच्या पायांपाशी कोब्यावर अंथरला होता. गाय त्यावर नाक टेकवून हुंगत होती. मग तिनं पुढचे गुडघे वाकवले, थांबली, पुन्हा ताठ केले. पुन्हा वाकवले. आणि सुस्कारा सोडून धपकन बसली. बेगिमाय तिच्या मानेला मान लावून उभी होती.

"माझ्या आईचा नमदा," कालिचा म्हणाली, "गायीच्या बुडाखाली."

पोरगी दचकली. पण पळाली नाही. "ती दिवसभर उभी असते, अपा. बसायला भिते. मागचे पाय त्या खडबडीत कडेला ठेवते, पुढचे इथे, आणि तशीच ताटकळत राहते. बसली तर हे असं होतं." तिनं गायीच्या मागच्या पायाच्या ढोपराला हात लावला. केस गेलेले, कातडी सोललेली, वर लिंबाएवढी सूज. "तुम्ही झोपता तेवढा वेळ मी रोज हा अंथरते. मग झटकून परत ठेवते."

"रोज! आणि म्हणून माझ्या पेटीला गोठ्याचा वास. मला वाटायचं, मीच म्हातारी झाले."

"मला तुम्हाला विचारायचं होतं."

"कधी? नमदा फाटल्यावर?" कालिचा जवळ आली. सूज तिनं बोटानं दाबली, गाय फुरफुरली. तिला सगळं दिसत होतं. जमीन निसरडी आहे हे तर पहिल्याच आठवड्यात दिसलं होतं. पण जमिनीकडे बोट दाखवायचं म्हणजे मुलाच्या कष्टाकडे बोट दाखवायचं, आणि जोडे काढणाऱ्या तीन बायकांकडेही. त्यापेक्षा सुनेकडे बोट दाखवणं सोपं होतं, ती जवळ उभी होती. "मग हा आरसा कुणी करून घेतला? बोल. तुला मऊ उचलायचा कंटाळा, म्हणून मिस्त्रीला फितवलंस."

"मी? मी त्याला चहा दिला फक्त."

"चहाबरोबर काय दिलंस?"

बेगिमायचे कान लाल झाले. तीन वर्षांत तिनं सासूला उलट उत्तर दिलं नव्हतं. "बोलवा त्याला," ती म्हणाली. "उद्या बोलवा, सगळ्यांसमोर विचारा. तो गावातच आहे, शाळेची भिंत बांधतोय."

इतकी तयारी? कालिचा विचारात पडली. म्हणजे दोघांनी आधी ठरवून ठेवलं असणार काय बोलायचं ते. "बोलावते," ती म्हणाली. "बोलावणारच आहे."

नमदा मात्र तिनं ओढला नाही. निवांत बसलेल्याच्या अंगाखालून अंथरूण ओढणं तिच्यानं कधी झालं नव्हतं, आणि तार्गिल आता डोळे मिटून रवंथ करत होती. "उद्या धुवून दे," असं सुनेला बजावून ती घरी परतली.

शुक्रवारी नमाजानंतर कादिराली आला. कमरेला सुरी, खांद्यावर दोरखंड, तोंडावर दुःख. ते दुःख कालिचाला मुळीच पटलं नाही. मागोमाग कुबात मिस्त्री आला, हात पुसत, टोपी काढत. चांगला उंच, साधा माणूस, पण कोचकोरचा, आणि कोचकोरच्या माणसांवर कालिचाचा विश्वास नव्हता. का, ते तिला आठवत नव्हतं. कारण असणारच.

चौघं गोठ्यात उभे राहिले. तार्गिल मागचे पाय कडेवर आणि पुढचे कोब्यावर ठेवून त्यांच्याकडे बघत होती.

"मिस्त्री," कालिचा म्हणाली, "हा माझा दीर, सुरी घेऊन आलाय. ही माझी गाय. आता खोटं बोललास तर हिच्या रक्तासमोर बोलशील. मी तुला काय सांगितलं होतं आणि हिनं तुला मागून काय सांगितलं?"

"ह्यांनी?" कुबातनं बेगिमायकडे पाहिलं. "ह्यांनी काही नाही, बायबिचे. ह्यांनी चहा दिला."

"बघा, दोघांचं एकच. चहा, चहा! मग हे कुणाच्या डोक्यातून निघालं?"

"तुमच्या."

कादिरालीच्या मिशा हलल्या.

"तुम्हीच म्हणालात ना," कुबात म्हणाला. तो आता दुखावला होता. "इथे, ह्याच जागी उभं राहून. 'मिस्त्री, कडेला खडबडीत ठेव, पाय घसरायला नको. आणि मधे मऊ. मधे मऊच पाहिजे, नाहीतर माझ्या गायी बसणार नाहीत.' दोनदा म्हणालात. आता सिमेंट मऊ कसं करतात, बायबिचे? मला वाटलं, गुळगुळीत म्हणताय. वरून निव्वळ सिमेंटचा हात मारला, गुरमाळा फिरवला, पोलादी थापीनं घोटलं. एवढी घोटाई मी नारिनच्या बँकेतसुद्धा केली नाही. हात दुखले माझे तुमच्या मऊपायी."

 बेगिमायनं हळूच तोंडावर हात नेला.

"अरे मूर्खा," कालिचा म्हणाली, "मऊ म्हणजे गुळगुळीत नाही. मऊ म्हणजे मऊ!"

"तेच तर. म्हणजे काय?"

"म्हणजे... ते."

"ते कोणतं?"

"ते रे! पूर्वी इथे होतं ते. जे तू खोदून बाहेर टाकलंस."

"माती?"

"माती कशी असेल? गायीच्या मागून येतं ते!"

"वासरू?" कुबात म्हणाला, अगदी मनापासून.

कादिरालीला आता भिंतीचा आधार घ्यावा लागला. त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि दोरखंड खांद्यावरून घसरून खाली पडला होता. "शेण," तो कसाबसा म्हणाला. "शेण म्हणायचंय तिला, लेका. आमच्या बापाचं नाव. ह्या घरात बायका मऊ म्हणतात."

कुबात आधी कालिचाकडे, मग कोब्याकडे, मग स्वतःच्या हातांकडे बघत राहिला. "अरे देवा," तो म्हणाला.

कालिचाच्या कानांतून वाफ निघायची बाकी होती. पण आत, जिथे कुणाला दिसत नव्हतं तिथे, तिला ते ऐकू आलं. स्वतःचाच आवाज: मधे मऊ. तिनं ते सांगितलं होतं आणि त्यानं तेच केलं होतं. सुनेकडे ती बघू शकली नाही. तिनं मिस्त्रीकडे बघितलं, तिथे बघणं परवडत होतं. "दुसऱ्या खोऱ्यातला मिस्त्री आणायचाच नव्हता," ती म्हणाली. "इथल्या कुणाला विचारलं असतं तर कळलं असतं."

"ते असो," कादिरालीनं डोळे पुसले आणि दोरखंड उचलला. "हसून झालं. पण जेंगे, कारण कळलं म्हणून गाय बरी होत नाही. जमीन गोठलीय, कोबा आता फुटायचा नाही. पाय गेलेत तिचे. आणि ते घोड्यासारखं उठणं..."

"धाकटे मिर्झा, तुम्ही बर्फावर पडलात की कसे उठता?"

"मी?"

"मागच्या हिवाळ्यात मशिदीपुढे पडलात. ढुंगणावर बसलात, हात रोवलेत, पाय सरकले, पुन्हा बसलात. सगळ्या गावानं पाहिलं. मग काय तुम्हाला कापलं? कुणाच्या घरचा पुरुष गेला? तिच्या पायांखाली बर्फ आहे, म्हणून ती तशी उठते. गाय घोडा झाली नाही. तुमच्या म्हाताऱ्यांना सांगा."

"मग काय घालणार तिच्याखाली? पेंढा? पेंढा ती रात्रीतून खाऊन टाकेल."

उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं, आणि ते घरामागे रचून ठेवलेलं होतं. उन्हाळ्यात कुबातनं खोदून काढलेला तो जुना थर, विटा पाडून वाळवलेला. हिवाळाभराचं जळण. त्याच विटा रोज दोन चुलींत जात होत्या, एक कालिचाच्या खोलीत, एक बेगिमायच्या. रास आधीच कंबरेपर्यंत खाली आली होती.

"त्या फोडून घालणार?" कादिराली म्हणाला. "आणि जाळणार काय? अजून निम्मा हिवाळा आहे. उणे तीसमध्ये माणसं थंडीनं मरतील आणि गाय गादीवर झोपेल?"

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. कालिचा रास बघायला बाहेर गेली. मुलगा पैसे पाठवेल, कोळसा येईल, पण घाट बंद, कोळसा यायला वाट मोकळी व्हावी लागेल. तिनं विटांवर हात ठेवला. वाळलेल्या, हलक्या, खुरांनी दाबलेल्या, मधे पेंढ्याच्या काड्या. ह्यातल्या कितीतरी थरांवर तार्गिलची आई बसली होती. गाय कापली तर चूल पेटती राहील आणि वर मांस शिजेल, सोपं आहे. आणि मग ह्या घरात काळा चहा पीत सगळ्यांना सांगावं लागेल, गायीला वाईट रोग झाला होता म्हणून. खोटं सांगायला तिची हरकत नव्हती. गायीबद्दल खोटं सांगायला होती.

ती परत आली. "एक चूल बंद," ती म्हणाली. "माझी. मी तिच्या खोलीत झोपेन." तिनं बेगिमायकडे न बघता बोट केलं. "अर्ध्या विटा फोडा. मिस्त्री, छिन्नी आण. पाट्याला टाकी लावतात तशी ह्या तुझ्या आरशाला टाकी लाव, मधल्या सगळ्या भागाला, बोटभर खोल, म्हणजे वरचं सरकणार नाही. आणि कडेला फळी ठोक. धाकटे मिर्झा, सुरी आणलीच आहे तर पेंढ्याच्या मोळ्यांच्या दोऱ्या कापा."

"आणि आमचं मांस?"

"तुमचा घोडा बारीक आहे म्हणून माझी गाय का मरेल? मेंढा देईन एक. लहान. डोकं मानाचं, ते आमच्याकडे राहील."

दिवसभर गोठ्यातून छिन्नीचा आवाज येत राहिला. कुबात गुडघ्यांवर बसून स्वतःची घोटाई स्वतःच फोडत होता आणि मधेमधे पुटपुटत होता, "वासरू म्हणालो मी, वासरू." बेगिमाय विटा कुदळीनं फोडायची, कादिराली घमेल्यानं नेऊन ओतायचा, त्यावर पेंढा, पुन्हा भुगा. कालिचा दारात उभी राहून सगळ्यांवर लक्ष ठेवत होती. मिस्त्री कोपरे सोडतोय का, दीर चांगल्या विटा आपल्या गाडीत टाकतोय का, सून थकल्याचं ढोंग करतेय का. उमसुनाय येऊन डोकावली आणि हळहळली, "अगंबाई, एवढी सुंदर फरशी!"

"सुंदर होती," कालिचा म्हणाली. "तुला हवी तर तुझ्या गोठ्यात कर. मिस्त्री मोकळा आहे."

संध्याकाळ व्हायला गाय सोडली. ती नव्या अंथरुणाच्या कडेला उभी राहिली आणि पुढे येईना. नाक खाली घालून हुंगत राहिली. कादिरालीनं मागून ढकलायला हात पुढे केला, कालिचानं तो चापट मारून खाली पाडला. एक खूर आत आला, दबला, स्थिर राहिला. मग दुसरा. सगळे उभे होते तसे उभे राहिले. तार्गिल बसली नाही. ती उभीच राहिली, गव्हाणीकडे तोंड करून.

"बघा," कादिराली म्हणाला.

"काय बघा? तुमच्यासारखे पाहुणे बघत असताना मीही झोपणार नाही. जा आता."

बेगिमायच्या खोलीत कालिचानं आपली गादी चुलीपासून दूर अंथरली. बेगिमायनं ती उचलून चुलीजवळ आणली.

"तिथे कशाला? धूर माझ्या नाकात जावा म्हणून?"

"तिथे ऊब आहे, अपा."

"ऊब आहे ते मला दिसतं." ती बसली. खोलीत फणीचा, साबणाचा, सुनेच्या कपड्यांचा वास होता. ह्या खोलीत ती फारशी कधी आलीच नव्हती. भिंतीवर रिस्बेकचा फोटो होता, तिच्याकडे नसलेला. हा कधी आला? तिला का दाखवला नाही? ते तिनं मनात नोंदवून ठेवलं, उद्यासाठी. 

बेगिमायनं काळा चहा ओतला आणि वाटी दोन्ही हातांनी पुढे केली. कालिचानं फुंकर मारून घोट घेतला.

"मिस्त्रीला फितवलंस असं मी म्हणाले," कालिचा म्हणाली.

"हो."

"लोक म्हणतातच काहीबाही." तिनं वाटी खाली ठेवली. "नमदा धुतलास?"

"वाळत घातलाय."

"ह्या थंडीत तो वाळायचा नाही, लाकूड होईल." तिनं पाय चुलीकडे पसरले. "राहू दे गोठ्यातच. विताना लागेल तिला."

 बेगिमायनं चुलीत एक वीट घातली आणि चुलीचं दार लावताना हात थांबवला. "अपा, बसली असेल का हो ती?"

"मला काय विचारतेस? मी काय इथून बघतेय? जाऊन बघ." पोरगी उठली, कोट घातला, कंदील घेतला. कालिचानंही जोडे ओढले. "थांब. मी येते. तुला एकटीला त्या गोठ्यात पाठवायची सवयच मोडायला हवी."

दोघी बर्फातून गेल्या. बेगिमायनं दार बोटभर उघडलं आणि कंदील वर धरला. तार्गिल पोट एका अंगाला सोडून, पाय पोटाशी घेऊन बसली होती. जबडा फिरत होता. उजेड डोळ्यांवर आला तरी तिनं मान हलवली नाही.

"बसली!" बेगिमाय कुजबुजली आणि सासूचा दंड धरला.

"हळू. उठेल." कालिचानं दंड सोडवून घेतला नाही. ती आत गेली, वाकली, आणि गायीच्या पोटाखाली कोपरापर्यंत हात घालून चाचपून बघायला लागली, खालच्या थरानं खरंच ऊब धरलीय, की ही नुसती त्यांना बघून नाटक करतेय.